शॉकअप

आमच्या घरात गाडी म्हटले की ट्रक. शाळेत जायला मोटारसायकल आहे, तिला अम्मी अजून फटफटी म्हणतात. पण ‘गाडी’ एकच, टाटाची १६१३, सहा चाकांची, दुसऱ्या मालकाकडून हप्त्यावर घेतलेली. आम्ही दोघे भाऊ. भाई गाडी चालवतात, आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. आमच्या बी.एड.ची फी गाडीच्या भाड्यातूनच भरली गेली. त्यामुळे रविवारी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. सोमवारी नखांत ग्रीस दिसते. वर्गातली निम्मी मुले ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री यांच्याच घरातली, त्यांना ते ओळखीचे वाटते. स्टाफरूममध्ये कोणाला खटकत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

१६१३ हा आकडा म्हणजे एक हिशेब आहे. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, म्हणजे सोळा टन. पुढचे दोन इंजिनाच्या ताकदीचे, म्हणजे सुमारे एकशे तीस घोडे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. आकडा वाढला की व्यापाऱ्याच्या तोंडी तोच बसतो, मग गाडी जुनी असो की नवी. अब्बांच्या तोंडी मात्र ही गाडी अजून ‘बेंझ’ आहे. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला, पण नाव ड्रायव्हरांच्या जिभेवरून उतरले नाही. अब्बांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. स्वतःची गाडी दारात आली ती भाईंच्या वेळी.

गाडीच्या धंद्यात मान असतो तो वजन उचलणाऱ्या आणि ओढणाऱ्या वस्तूंना. इंजिन, टायर, पाटे. पाटा तुटला तर गाडी जागेवर बसते, मग रात्री दोनला का होईना, मिस्त्री शोधावाच लागतो. टायर फुटला तर तसेच. शॉकअपचे असे नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे पूर्ण नाव आमच्या भागात कोणी घेत नाही. शॉकअप म्हणतात, जुने लोक जंपर म्हणतात. तो मेला तरी गाडी चालते. चालते म्हणजे भाडे मिळते, आणि भाडे मिळते तोवर त्याच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. पासिंगच्या दिवशी दिवे बघतात, हॉर्न बघतात, ब्रेक बघतात. व्यापारी ताडपत्री बघतो. शॉकअप कोणीच विचारत नाही.

आमची गाडी घेतली तेव्हा पुढच्या डाव्या बाजूला शॉकअप नव्हताच. नुसता ब्रॅकेट होता आणि त्यात गंजून गोळा झालेली पिन. आधीच्या मालकाला विचारले तर तो हसला. म्हणाला, तेल गळत होते, बुश खडखड करत होता, काढून टाकला, आवाज बंद. उजवा होता, पण त्याच्या अंगावर तेलाचा आणि धुळीचा इतका जाड थर होता की रंग कोणता ते कळत नव्हते. आणि हे आपल्याकडे नवलाचे नाही. मार्केट यार्डाच्या बाहेर कांद्याच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, तेव्हा एकदा चालत जाऊन पुढच्या चाकांच्या मागे नजर टाकावी. किती गाड्यांना एकच आहे, किती जणांच्या फक्त ब्रॅकेटला चिखल लागलेला आहे, ते दिसेल.

या जुन्या बांधणीच्या ट्रकला शॉकअप दोनच, तेही पुढच्या अ‍ॅक्सलला. मागे नुसते पाटे आणि वर मदतीचे पाटे. आम्ही उस्तादांना एकदा विचारले, मागे का नाही? उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री, हैदराबाद रस्त्याला त्यांचे पत्र्याचे गॅरेज आहे. म्हणाले, “मास्टर साब, पाट्यां एक पे एक घिसते ना, वोच उनका शॉकअप है.” आमच्या पुस्तकी भाषेत हेच घर्षण. एकावर एक ठेवलेली पाती वर-खाली होताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात उसळी मरते. गाडी भरलेली असली की पाती गच्च दाबलेली असतात, घर्षण जास्त असते, म्हणून भरलेली गाडी शांत चालते. रिकामी झाली की ती पाती सैल पडतात आणि गाडी नाचू लागते. ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की माल उतरवून परत येतानाचा रस्ता कमरेला जास्त लागतो. लोकांना वाटते, रिकामी गाडी म्हणजे आराम.

पाटा आणि शॉकअप यांतला फरक उस्तादांनी सांगितला तसा आम्हाला बी.एड.च्या कोणत्याही पाठात सापडला नसता. म्हणाले, “पाटा बोझा उठाता. ये बोझा नै उठाता. ये पाटे कू चुप करता.” खड्डा आला की पाटा दबतो, मग उसळतो, मग पुन्हा दबतो. त्याला कोणी अडवले नाही तर एका खड्ड्याचे पाच-सहा हेलकावे होतात, आणि पाचवा संपायच्या आत पुढचा खड्डा येतो. शॉकअपच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. गाडी वर-खाली झाली की तेलाला त्या भोकांतून जावे लागते. हळू जा म्हटले तर जाते, घाईने जा म्हटले तर अडते. त्या अडण्यातून हेलकाव्याची ताकद तेलात उतरते आणि तेल तापते. संपले काम. म्हणून लांबच्या रस्त्यावरून गाडी आली की शॉकअपला बेताने हात लावून बघायचा. गरम असेल तर तो काम करतोय. बाकी सगळे गरम आणि तो एकटा थंड, तर तो मेला आहे. आमचा उजवा हैदराबादहून तीनशे किलोमीटर चालून आला आणि थंड होता.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. उर्दूत हेलकाव्याला ‘इहतिज़ाज़’ म्हणतात. निषेधाला ‘एहतिजाज’. लिहायला दोन्ही अगदी वेगळे, पण आमच्या दखनी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडून दोन्ही सारखेच बाहेर पडतात. हा शब्द शिकवला की एक तरी मुलगा विचारतो, सर, लंबक कोणाच्या विरोधात एहतिजाज करतो? आम्ही हसतो. मग लक्षात येते की मराठीनेही हेच करून ठेवले आहे. दोलन म्हणजे हेलकावा, आंदोलन म्हणजेही मुळात हेलकावाच, आणि आता आंदोलन म्हटले की मोर्चा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच जागी येऊन थांबावे, याचे आम्हाला फार बरे वाटते. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी यावर अधिक लिहावे, आम्ही शेवटी विज्ञानवाले.

तर पुण्याच्या बालभारतीची उर्दू पुस्तके नीट असतात, त्यांत लंबक असतो, स्प्रिंग असते. शॉकअप नसतो. म्हणून आम्ही उस्तादांकडून दोन जुने शॉकअप मागून शाळेत नेले. एक मेलेला, एक कोणीतरी अपघातातल्या गाडीचा काढून टाकलेला, पण आतून धड. लहान मोटारीचे होते, ट्रकचा शॉकअप मुलांच्या ताकदीला दाद देत नाही. टेबलावर उभे धरले आणि एकेका मुलाला बोलावले. आधी हळू ओढ. ओढला गेला. आता झटक्यात ओढ. अडला. मुलगा दोन्ही हातांनी झटके देतो आणि नळी आपल्याच वेगाने येते, त्याच्या घाईला जुमानत नाही. दाबायला त्या मानाने सोपा, ओढायला जड. पाट्याची उसळी जास्त अडवायची असते म्हणून तो तसाच बांधतात. मग मेलेला दिला. तो सायकलच्या वॉशर झिजलेल्या पंपासारखा वर-खाली झाला, काही नाही. मागच्या बाकावरून उस्तादांचा मुलगा ओरडला, “सर, ये मर गया!” तास संपला तेव्हा टेबलावर तेलाचा डाग पडला होता. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल विचारले, आणि उत्तर ऐकून स्वतः दोन झटके देऊन पाहिले.

हे सगळे माहीत असून गाडीला शॉकअप बसत नव्हते, कारण त्यांचा नंबर येत नव्हता. घरात पैशाची एक रांग असते. आधी गाडीचा हप्ता, मग विमा, मग टायर, मग पोरांची फी, मग अम्मींची शुगरची औषधे. दोन शॉकअपची किंमत एका नव्या टायरच्या निम्मीही नाही. पण टायर रस्त्यावर थांबवतो, म्हणून तो रांग मोडून पुढे घुसतो. आमचा पुढचा उजवा टायर तर शॉकअपच्याच पायी खराब होत होता. त्यावर हात फिरवला की ठिकठिकाणी खोलगट लागायचे, कारण चाक रस्त्याला धरून न राहता टप्पे घेत होते, जिथे आपटते तिथे रबर जाते. म्हणजे शॉकअपचे पैसे आम्ही भरतच होतो, फक्त टायरवाल्याकडे.

आणि कमरेकडे. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, ज्यांना रुकू-सजदा होत नाही त्यांच्यासाठी. कधी तरी त्या खुर्च्यांवर कोण बसते ते पाहावे. म्हातारे असतात हे खरे, पण सगळे म्हातारे नसतात. आमच्याकडे दोन प्रकारचे लोक तिथे लवकर पोचतात, लूमवर उभे राहणारे आणि गाडीवर बसणारे. एकाचे गुडघे जातात, दुसऱ्याची कंबर. अब्बा पन्नाशीत खुर्चीवर गेले. त्या वेळी घरात सगळ्यांनी ते वयावर ढकलले होते. अब्बांनीही. ते म्हणतात, “हमारे जमाने में सीट कायकी, लकडी का फळी और उप्पर गोदडी.”

२०२५ च्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहला भाई खुर्चीवर बसले. भाई बेचाळीस वर्षांचे. विजापूर वेशीत बाजार भरलेला, पोरांना घेऊन तिकडे जायचे ठरले होते, आणि नमाज संपवून भाई हळूहळू, भिंतीला धरून बाहेर आले. रस्त्यात कोणी काही बोलले नाही. घरी आल्यावर अब्बांनी फक्त एवढे विचारले, “कब से?” भाई म्हणाले, “दिवाली से.” म्हणजे कांद्याचा अख्खा हंगाम ते तसेच चालवत होते. सीटवर सोलापुरी चादर चार घड्या घालून टाकली होती, ती आम्ही थंडीसाठी समजत होतो.

डॉक्टरांनी फोटो काढायला लावले. कमरेच्या खालच्या मणक्यांतली चकती सरकली होती. विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांती हा शब्द डॉक्टर फार सहज वापरतात. हप्त्यावरच्या गाडीला विश्रांती दिली तर ती गाडी आपली राहत नाही. दुसरा ड्रायव्हर ठेवावा तर एका गाडीच्या भाड्यात त्याचा पगार बसत नाही. भाईंनी तीन आठवडे घेतले, त्यातले दहा दिवस रमजानचेच होते.

त्या तीन आठवड्यांत आम्ही थोडे वाचले. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचे, सेकंदाला साधारण ४ ते ८ असे हेलकावे सर्वांत जास्त लागतात. त्या वेगाला धड आणि कणा स्वतःच साथ देऊन हलायला लागतात, झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसे. जड गाड्यांची थरथर पुष्कळदा याच्याच आसपास असते. युरोपात २००२ साली कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती थरथर पोचू द्यायची याची मर्यादा आकड्यात घालून दिली गेली, आणि ती मोजायची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला होता. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम लिहिले होते. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. अब्बांचा मालक चारच माणसे ठेवायचा. आणि भाई तर स्वतःच मालक, स्वतःच कामगार. त्यांनी तक्रार करायची तर कोणाकडे, आरशाकडे? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट आहे, सोलापूरच्या उन्हात तर फारच. पण जुन्या गाडीला तो नियम नाही, आणि हेलकाव्याबद्दल त्यात काही नाही.

गंमत म्हणजे त्याच १९६१ साली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली. मुंबईच्या मुलुंडला तिचा कारखाना होता, आणि देशात शॉकअप बनू लागले. आज गॅरेजमध्ये कित्येक लोक कोणत्याही कंपनीच्या शॉकअपला गॅब्रिएलच म्हणतात. म्हणजे वस्तू साठ वर्षांहून अधिक काळ आपल्याच राज्यात बनते आहे. दुर्मिळ नाही, परदेशी नाही, महाग नाही. फक्त गाडीवाल्याच्या रांगेत तिचा नंबर शेवटचा.

नंबर भाभींनी बदलला. त्यांची भिशी ईदनंतर निघणार होती, ती त्यांनी दुसऱ्या बाईशी बोलून आधी घेतली. पैसे अब्बांच्या हातात दिले, भाईंच्या नाही. भाईंच्या हातात दिले असते तर विम्याला गेले असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाई म्हणाले, ईदला पोरांचे कपडे? भाभी म्हणाल्या, “कपडे कटपीस में होते. कमर कटपीस में नै मिलती.”

दुकानात उस्ताद स्वतः आले. पहिल्या दुकानदाराने निम्म्या किमतीत काळे चकचकीत दोन नग पुढे ठेवले. उस्तादांनी एक उचलला, उभा धरला, जमिनीवर टेकवून पायाने दाबला, पुन्हा ओढला, आणि न बोलता ठेवून दिला. बाहेर आल्यावर म्हणाले, जुन्या नळीत इंजिनचे तेल भरून रंग मारलाय. पहिले आठ दिवस बरा वाटेल. दुसऱ्या दुकानात पक्की पावती मागितली, नग गाडीच्या मॉडेलशी लावून पाहिले, दोन्ही टोकांच्या कानांतले रबरी बुश नखाने दाबून पाहिले. एकच घेऊ का, उजवा अजून थोडा चालेल, असे भाई दुकानातही म्हणत होते. उस्ताद म्हणाले, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून चालता का? एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे, नाही तर गाडी एका बाजूला शांत आणि एका बाजूला नाचरी होते, वळणावर फसवते.

काम ईदनंतरच्या रविवारी झाले. शनिवारी संध्याकाळीच आम्ही नटांवर डिझेल सोडून आलो होतो. गाडी रिकामी, सपाट जागेवर, गिअरमध्ये टाकलेली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. हात जायला जागा व्हावी म्हणून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवले. भाईंना उस्तादांनी स्टेपनीच्या टायरवर बसवले आणि सांगितले, उठायचे नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा गाडीखाली कोणीतरी दुसरे होते आणि भाई बाहेर. त्यांना ते सहन होत नव्हते. “वो पाना नक्को, बडा लेव,” “उलटा फिरारे तुम,” असे चालूच होते.

उजवा वरचा नट पान्याला पाइप लावून चौथ्या झटक्यात सुटला. खालचा हलेना. शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा पोरगा आपणहून गॅसची नळी घेऊन आला, म्हणाला दोन मिनिटांत लाल करतो. उस्ताद त्याच्यावर जवळजवळ धावूनच गेले. “अंदर तेल है रे! बंद नली है. फूटेंगी तो मूंपर आयेंगी.” बंद नळीतले तेल तापले तर काय होते हे आम्ही नववीला शिकवतो. उस्ताद नववीपर्यंत पोचले नाहीत, पण त्यांच्या डाव्या भुवईवर जुना चट्टा आहे. मग एक्सा ब्लेड काढले आणि नट कापायला घेतला. आडवे पडून, वर हात करून, धूळ डोळ्यांत घेत. आम्ही दमलो की उस्तादांचा मुलगा, तो दमला की उस्ताद. पाऊण तास गेला. नट तुटला तेव्हा शॉकअप स्वतःच्या वजनाने खाली आला आणि सहज लांब झाला, जसा कोणी हात सोडावा. मुलाने तो ओढून पाहिला, आमच्याकडे बघितले, पण या वेळी ओरडला नाही. भाई समोर बसले होते.

डाव्या बाजूला काढायला काही नव्हते, पण काम तिथेच जास्त. गंजलेली पिन ठोकून बाहेर काढली, ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासला, चीर वगैरे नाही ना ते रॉकेलने पुसून पाहिले, नवी पिन घातली. मग नवे शॉकअप. ते खोक्यातून काढून तसेच बसवायचे नसतात. दुकानात आडवे पडून राहिल्याने तेलात हवा शिरलेली असते. उभे धरून पाच-सात वेळा पूर्ण ओढायचे आणि दाबायचे. पहिल्या दोन-तीन वेळा मध्येच पोकळ लागते, मग ओढ एकसारखी जड होते. हे काम उस्तादांनी आमच्याकडे दिले, कारण वर्गातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ट्रकचा शॉकअप ओढताना खांदे भरून येतात.

बसवल्यावर उस्तादांनी नट नुसते हाताला लागतील इतकेच आवळले. गाडी चालू करून चार हात पुढे, चार हात मागे घेतली, चाके सरळ केली, मग पुन्हा खाली जाऊन पूर्ण आवळले. कारण विचारले तर म्हणाले, बुश मुरगळतो. आम्ही मनात आकृती काढून पाहिली. वजन चाकांवर नीट बसायच्या आत कान आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बरोबरच होते. आवळून झाल्यावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने चेसिसवर तारीख आणि किलोमीटर लिहिले. मजुरी ठरली होती त्यापेक्षा शंभर रुपये कमी घेतली आणि म्हणाले, एवढे एक्साचे ब्लेड तुमच्या हाताने तुटले त्याचे समजा. हा हिशेब आम्हाला अजून कळलेला नाही.

पहिली फेरी हैदराबादचीच मिळाली. आम्हाला खरी वाट परतीची होती, कारण येताना गाडी रिकामी होती. नळदुर्ग, उमरगा या बाजूला रस्ता आता चौपदरी आहे, पण पुलांचे सांधे आहेत, गावांजवळचे गतिरोधक आहेत. हुमनाबादच्या ढाब्यावरून भाईंचा फोन आला. गाडी कशी आहे विचारले तर म्हणाले, “अब नीचे रहती.” म्हणजे रस्त्याला धरून राहते. डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली झहीराबादपासून पडली नव्हती. स्टिअरिंगची थरथर कमी झाली, ब्रेक मारल्यावर तोंड खाली घालून गाडी डुलायची ते थांबले. टायर नवे काही बरे होणार नव्हते, झालेले खड्डे झालेच. तीच गोष्ट कमरेची. चकती पाना लावून जागेवर बसत नाही. भाई सकाळी फरशीवर पडून डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतात, दोन-अडीच तासांनी गाडी थांबवून उतरतात, चार पावले चालतात. दुखणे वाढत नाही, एवढे ते सांगतात. कमी झाले का विचारले तर विषय बदलतात. मशिदीत अजून खुर्चीवरच बसतात, अब्बांच्या शेजारच्या.

गाडी फेरीवरून आली की अब्बा काठी टेकत मैदानापर्यंत जातात. त्यांना स्वतः वाकता येत नाही, म्हणून भाईंच्या धाकट्याला चाकामागे पाठवतात. तो घाबरत घाबरत हाताची पाठ लावतो आणि ओरडतो, “दादा, दोनो गरम!” अब्बा मान हलवतात आणि मग ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन आतल्या सीटकडे बघतात. सीटचा फोम पार बसलाय, खालची स्प्रिंग एका कोपऱ्यात तुटली आहे. चादर अजून तिथेच आहे. भाभींची पुढची भिशी फेब्रुवारीत निघते.